जेलरोडच्या पत्त्यावर

सिडनी, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा गाडी भेंडीच्या भावावर गेली. म्हणून लिहिते आहे. बाबा, चष्मा लावा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता. तात्यांची पत्रंसुद्धा गाळूनच वाचायचात, मी दाराआड असायचे.

लॉच्या जोडीची क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीचा अभ्यास, सोडून नुसता लॉ कर, एक वर्ष वाचेल, असं तुम्ही म्हणालात. ती मी सोडलेली नाही. विषय काढून टाकायची शेवटची तारीख असते, इथे तिला सेन्सस डेट म्हणतात. तिच्या आत नाव काढलं की त्या विषयांची फी अंगावर येत नाही. ती परवा गेली. मी काही केलं नाही, लॅपटॉप बंद करून पिठलं लावलं. तुम्ही कालनिर्णयच्या पाठीमागे मांडून पाठवलेला हिशोब माझ्या टेबलासमोर चिकटवलेला आहे: एका वर्षाची फी, एका वर्षाचं भाडं, कर्जावरचं चढतं व्याज, खाली दोन रेघा. सगळी नोकरी प्रेसमध्ये नोटा मोजण्यात गेलेल्या माणसाची बेरीज चुकेल असं मी म्हणणारच नाही. बेरीज बरोबर आहे बाबा.

पण माझीही बाजू ऐका. बारावीनंतर नुसता लॉ इथे चार वर्षांत होतो, हे तुम्ही शोधून काढलंत ते खरं आहे. आपल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम मात्र असा की, बारावीवर परदेशात कायद्याची पदवी घेतली असेल तर तो एकत्रित अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आधी दुसरी पदवी असेल तर तीन वर्षं चालतात. शिवाय विद्यापीठ त्यांच्या मान्यतेचं पाहिजे आणि परत आल्यावर त्यांची परीक्षा द्यायची ती वेगळीच. म्हणजे तुमचं एक वर्ष वाचवायला गेले, तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या कोर्टात मला काळा कोट घालून उभं राहता येणार नाही. पुन्हा लॉ कॉलेजात नाव घालावं लागेल, आणि वाचवलेलं वर्ष व्याजासकट जाईल. कोर्स बदलला की इथे प्रवेशाचा दाखला नवा घ्यावा लागतो, व्हिसाचे कागद पुन्हा बघावे लागतात, ते आणखी निराळं.

इथपर्यंत तुम्ही मान डोलावत वाचलं असणार. आता खरं सांगते. हा नियम मला जुलैत सापडला. सोडायची नाही हे एप्रिलमध्येच ठरलं होतं. नियम सापडला तेव्हा इतकं हायसं वाटलं! तुमच्यापुढे ठेवायला काहीतरी छापील मिळालं.

आई, तू मावशीला ‘ठमी वकिलीचं शिकते’ एवढंच सांगतेस, हे मला माहीत आहे. सांग तसंच. त्यात खोटं काही नाही, आणि तू का सांगतेस तेही मला कळतं. पण मला हा विषय इथे येऊन चिकटला असं समजू नकोस. शाळेत पत्ता सांगताना मी ‘जेलरोड’ म्हटलं की पोरं खिदळायची. मुलाकातीला आलेल्या बायका वायरच्या पिशव्या घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या असायच्या, आपण भाजी घेऊन त्यांच्यासमोरून यायचो, आणि तू माझा हात जरा घट्ट धरायचीस. मी दूध प्यायले नाही की म्हणायचीस, ‘त्या भिंतीपलीकडे नेऊन ठेवीन हं.’ तात्यांनंतर हे वाक्य तुझ्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा मी सातवीत होते.

आणि तो गणपती आठव. बाबांनी पहिल्यांदा कारागृहाच्या विक्री केंद्रातून मूर्ती आणली तेव्हा तू ती पाटावर ठेवायलाच तयार नव्हतीस. शाडूची, साधी, पितांबर थोडं जास्तच पिवळं. मग तू वळवून वळवून बघितलीस आणि म्हणालीस, ‘सोंड किती जीव लावून केलीय हो.’ एवढंच. त्यानंतर आपल्याकडे मूर्ती तिथूनच यायला लागली. आई, मी इथे जे शिकते आहे ना, त्यातलं निम्मं तू त्या दिवशी पाटासमोर बसून म्हणून टाकलंस.

कायद्याच्या तासाला मला कलम शिकवतात. कलम असतानाही माणूस आत का राहतो, ते दुसऱ्या तासाला. आपल्या देशात तुरुंगातल्या दर चार जणांत साधारण तीन जण कच्चे कैदी असतात, खटला चालू असलेले किंवा अजून सुरूच न झालेले. काहींचा जामीन मंजूर असतो, पण जामीनदार मिळत नाही, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही. त्यांतल्या एकाला आपण ओळखतो. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 479 प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि अनेक खटले अंगावर असलेले लोक त्यात येत नाहीत. अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकली आहे. हे वाचलं तेव्हा मी बोटांवर तात्यांचे महिने मोजले. असो.

गेल्या महिन्यात वर्गात एक गंमत झाली. माणसावर गुन्हेगाराचा शिक्का मारला की पुढे काय होतं, यावर तास होता, आणि बाईंनी पडद्यावर आपला 1871 चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. अख्ख्याच्या अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार! विचारलं, पुढे त्या लोकांचं काय झालं? वर्गात चिडीचूप. मी हात वर केला. सांगितलं की 31 ऑगस्ट 1952 ला त्यांना मुक्त केलं, म्हणून आम्ही त्यांना ‘विमुक्त’ म्हणतो, आणि माझ्या शाळेच्या फॉर्मवर व्हीजेएनटीचा रकाना होता. दहा मिनिटं मीच बोलत होते. मग बाईंनी इथलं सांगितलं: इथल्या मूळ रहिवाशांची लोकसंख्या शेकडा चारच्या आसपास, पण तुरुंगात तीन माणसांमागे एक त्यांचा. माझ्या शेजारची मुलगी त्यांच्यातलीच आहे. ती वहीत काहीतरी गिरवत राहिली. तास संपल्यावर आम्ही दोघींनी कॉफी घेतली आणि कोणीच या विषयावर बोललो नाही.

बाबा, तुम्हाला आवडेल असं एक. इथलं डाउनिंग सेंटर नावाचं कोर्ट पूर्वी मोठं कापडचोपडाचं दुकान होतं, म्हणजे मॉलच म्हणा. कोणीही जाऊन मागच्या बाकावर बसावं, आत शिरताना न्यायासनाकडे मान झुकवायची बस्स. मी जाते मधूनमधून. वरच्या कोर्टात वकील अजून घोड्याच्या केसांचा टोप घालतात, आई, तू हसून हसून पडशील. पण मागच्या खेपेला एक बाई शेजारी बसली होती, मांडीवर इस्त्री केलेला शर्ट, घडी मोडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. मुलाला उभं करतील तेव्हा देता येईल असं तिला वाटत असावं. देऊ दिला नाही तिला. तू एसटीत तात्यांचा डबा तसाच धरून बसायचीस. मी त्या दिवशी तासाला गेले नाही. एकच दिवस. रागावू नका.

माझी काळजी अजिबात करू नका. खोलीत हीटर आहे, शिवाय विजेची चादर घेतली आहे, झोपताना बंद करते. हॅरिस पार्कला तूरडाळ, पोहे, मेथी, सगळं मिळतं. मेथीची जुडी बघून मात्र रडू येईल असा भाव आहे. आईचा गोडा मसाला विमानतळावर जाहीर केला तेव्हा अधिकाऱ्याने हुंगून पाहिला आणि हसून परत दिला. तो अजून आहे, मी चमच्याऐवजी चिमटीने घालते. खोलीतली नेपाळी मुलगी माझ्या आमटीवर जगते. सत्र चालू असताना विद्यार्थ्यांना पंधरवड्याला 48 तासच काम करता येतं, त्यामुळे ‘पोर राबते’ वगैरे मनात आणू नका, कायदाच राबू देत नाही. आजारपणाचा विमा व्हिसासाठी सक्तीचाच असतो. रात्री उशिरा एकटी फिरत नाही. बरं, कधीकधी लायब्ररीतून येते, पण ट्रेनने आणि उजेडातून.

आता माझं ऐकायचं. बाबा, तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी श्रावण संपायच्या आत. रिपोर्टचा फोटो मला, ‘नॉर्मल आहे’ असा निरोप नको. टाकी बघायला गच्चीवर चढणं बंद, त्यासाठी दोनशे रुपयांत मुलगा येतो. आई, गुडघ्याचे व्यायाम मालिकेच्या वेळेलाच कर, खुर्चीत बसून होतात. उपासाला साबुदाण्यावर साबुदाणा नको. पुढच्या वर्षी सिंहस्थाला पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर जायचं नाही, दोघांनीही. दसकलाच नदी आहे, पाणी तेच आहे.

आणि हे नीट वाचा, दोनदा. पोलीस किंवा सीबीआय म्हणून कोणी व्हिडिओ कॉल केला, ‘तुमच्या मुलीच्या नावाने पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ म्हणाला, तर फोन कापायचा. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. मुलं परदेशात असलेली घरं हे लोक हुडकून काढतात. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन, लाज वाटून दोन दिवस गप्प बसायचं नाही. माझा आवाज काढून कोणी रडलं तरी विचारायचं, तात्यांच्या कुत्र्याचं नाव काय? सांगता आलं नाही तर ती मी नव्हे.

यंदाही मूर्ती तिथलीच आणा. सोंडेचा फोटो जवळून पाठवा.

तुमची,
ठमी

ता. क. कुत्र्याचं नाव मी मुद्दामच लिहिलेलं नाही. आईला आठवणार नाही, तिला तो आवडायचाच नाही. बाबा, तुम्हालाही आठवलं नाही तर तात्यांना फोन करून विचारा. नंबर माझ्याकडून घ्या, त्यांचा आता बदललाय.