रेडिओवर हसायलाही अर्धा तास द्या

मा. संपादक,
स. न.

१३ फेब्रुवारीच्या जागतिक रेडिओ दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेले लेख वाचले. गीतरामायण आलं, बिनाका आली, कामगार सभा आली, पहाटेची भक्तिगीतंही आली. हसवणाऱ्या रेडिओला मात्र त्यात एक ओळसुद्धा मिळालेली नाही. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी कोणालाच कसे आठवले नाहीत? प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे आवाज खरखरीतून ऐकायला आमच्या घरची माणसं रेडिओला कान लावून बसायची. ती तक्रार एवढ्यावरच सोडतो, कारण मला एक मागणी करायची आहे.

आधी माझा अधिकार सांगतो. तासगावात एस. टी. स्टँडजवळ माझं रेकॉर्डिंग सेंटर होतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाण्यांची यादी आणायचं, मी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. (कायद्याचं पुढे बोलतो.) साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. सात-आठ गाणी बसली की शेवटी दोन-तीन मिनिटांची टेप उरायची. तिच्यात काय घालायचं ते यादीत कधीच नसायचं. गिऱ्हाईक काउंटरवर वाकून हळूच म्हणायचं, “उरलेल्या जागेत काहीतरी गमतीचं टाका.” त्यामुळे आमच्या तालुक्यात कित्येक घरांत बाबूजींची भावगीतं संपल्या संपल्या महेंद्र कपूर ‘ढगाला लागली कळ’ सुरू करतात. गाणारा अमृतसरचा, शब्द दादा कोंडक्यांचे, आणि कॅसेट हेडमास्तरांची! आनंद शिंद्यांचं गाणं मागताना तर चांगली शिकलेली माणसं नावसुद्धा घ्यायची नाहीत, “ते पोपटाचं” एवढंच म्हणायची.

सांगायचं असं की, हसायची आवड सगळ्यांना आहे, फक्त ती आपल्या नावावर कोणाला नको असते. ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमात गाण्याआधी सगळ्या घरादाराची नावं वाचली जातात. सासऱ्यांच्या नावासकट कोंडक्यांचं गाणं मागवायची छाती कुठल्या सुनेची होणार? म्हणून फर्माइशींच्या यादीवरून विनोदी गाण्यांची मागणी मोजायला गेलात तर आकडा कायम चुकणार.

आणि रेडिओने उगाच गंभीर चेहरा केला की काय होतं, हे एकदा देशाने पाहिलेलं आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे आलं. माणूस शास्त्रीय संगीताचा मोठा कैवारी. चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मुकाट्याने काटा फिरवला आणि श्रीलंकेहून चित्रपटगीतं वाजवणारं रेडिओ सिलोन लावलं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. त्याच वर्षी ‘आशा’ चित्रपटातलं ‘ईना मीना डीका’ आलं. ते बांधणारे सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. बाहेर खेळणाऱ्या पोरांच्या बडबडीवरून मुखडा सुचला आणि त्यांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोंकणीतलं ‘माका नाका’ घुसडलं, असं सांगतात. अर्थ शून्य, पण किशोरकुमार आणि आशाबाई दोघांनीही ते गायलं आणि अजून लग्नात वाजतं. आज सिलोनच्या जागी मोबाइल आहे, एवढाच फरक.

मोबाइलवर सगळं मिळतं, मग रेडिओ कशाला, असं माझा नातूच विचारतो. मिळतं, पण तुकडे मिळतात. पु. लं.ची ‘म्हैस’ घ्या. पुण्याच्या अलूरकरांनी काढलेल्या त्यांच्या कॅसेटी माझ्याकडे भाड्याने जायच्या आणि परत यायच्याच नाहीत. म्हैस गाडीखाली येते तो प्रसंग कापून मिनिटभराचा पाठवतात. अहो, रत्नागिरीहून निघालेल्या त्या एस. टी.त मधू मलुष्टे कुठे बसलाय, सुबक ठेंगणी कोणाकडे बघतेय, हे आधी डोक्यात भरलं नसेल तर म्हशीला हसायचं कशाला? द. मा. मिरासदारांची ‘माझ्या बापाची पेंड’ किंवा शंकर पाटलांची ‘धिंड’ हीसुद्धा सावकाश चढणारी कथाकथनं. बोलणारा मध्येच थांबतो, लोक हसतात, तो हसू ओसरू देतो आणि मग पुढचं वाक्य टाकतो. ते थांबणंच पहिल्यांदा कापलं जातं. रेडिओला हे शिकवायला नको. व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरीला होते, पु. ल.ही काही काळ होते.

तेव्हा मागणी अशी. सांगली केंद्र १९६३ पासून आमच्या भागात आहे. त्याने, किंवा कोणत्याही केंद्राने, आठवड्यातून अर्धा तास श्रोत्यांच्या संग्रहाला द्यावा. श्रोत्याने यावं, आपलं आवडतं विनोदी ध्वनिमुद्रण किंवा अतरंगी गाणं आणावं, ते का आवडतं ते मिनिटभर सांगावं आणि मग ते पूर्ण वाजवावं. नाव सांगायची सक्ती नको.

यातला खरा खजिना विकत मिळणाऱ्या कॅसेटींत नाही. काळू-बाळूंचा तमाशाचा फड आमच्या शेजारच्या कवलापूरचा. लहू आणि अंकुश खाडे या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ वगातल्या हवालदारांच्या जोडीवर गावंच्या गावं हसवली. अशा फडांच्या बतावण्या, म्हणजे तमाशातले विनोदी सवाल-जवाब, जत्रेत कर्ण्यापुढे टेपरेकॉर्डर धरून लोकांनी भरून घेतल्या आहेत. मध्ये कुत्री भुंकतात, कोणीतरी “बस खाली” ओरडतं, पण सवालाला जवाब कसा पडतो ते स्पष्ट ऐकू येतं. घरोघरी कपाटावर पडलेल्या त्या कॅसेटी डेक बिघडला म्हणून भंगारात चालल्या आहेत.

अश्लीलतेचा मुद्दा निघणार, म्हणून आधीच सांगतो. काही बतावण्या रात्री दहानंतरच्याच आहेत. निवेदकाने निवड करावी. पण एकनाथांच्या भारुडातली सून भवानीआईला रोडगा कबूल करून म्हणते, “सासरा माझा गावी गेला, तिकडेच खपवी त्याला.” ते आपण भक्तिसंगीतात वाजवतो, आणि वाजवावंच.

आता कायद्याचं. बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क कंपन्यांकडे असतात, त्यांचे पैसे द्यावे लागतील. केंद्रांना हा व्यवहार नवा नाही. जत्रेतल्या बतावण्यांसाठी फडमालकांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्यावी आणि मानधन द्यावं. कलावंतांच्या घरी चार पैसे गेले तर बिघडलं कुठे?

एक सूचना वाचकांना. कॅसेटीच्या टेपवर पांढरे ठिपके दिसत असतील तर ती बुरशी आहे. तशीच डेकमध्ये घालू नका, हेड जातं आणि टेपही जाते. माझा एक डेक अजून चालू आहे. तासगावच्या आसपास कोणाकडे बतावणी, नकला किंवा घरगुती कथाकथन भरलेली कॅसेट असेल तर मी ती साफ करून पेनड्राइव्हवर उतरवून देईन, पैसे नकोत. पोपटाचं मात्र आणू नका. त्याच्या माझ्याकडे भरपूर आहेत.

आपला,
एक जुना रेकॉर्डिंगवाला, तासगाव