चिमणी बघून धूळ कळत नाही

मा. संपादक,
स.न.

कालच्या रविवार पुरवणीत थायलंडमधल्या सराबुरीच्या सिमेंट कारखान्यांवरचा लेख वाचला. चिमणीतून धूर दिसत नाही म्हणजे प्रदूषण आटोक्यात आलं, असं लेखकाने बिनधास्त लिहून टाकलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझे मिस्टर तिथल्या एका प्लांटमध्ये मेंटेनन्सला होते, आम्ही सराबुरीतल्याच ना फ्रा लान या गावी भाड्याने राहायचो. चिमणीला बॅग फिल्टर, म्हणजे धूळ गाळणाऱ्या कापडी पिशव्या असतात, बरीचशी धूळ तिथे अडते, मान्य. पण डोंगर पोखरणाऱ्या खाणी, खडी क्रशर आणि फाहोन योथिन रस्त्यावरून रात्रंदिवस धावणारे ट्रक, त्यांना कुठला फिल्टर लावणार? वर ताडपत्री असली तरी चाकांना चिकटलेली भुकटी रस्त्यावर पडते, वाळते आणि मागून येणाऱ्या ट्रकने परत उडते.

आमच्या घरमालकीणबाई घरापुढेच नूडल सूपची गाडी लावायच्या. पातेल्यावर झाकण, झाकणावर ओलं फडकं, ट्रकचा आवाज आला की हातातला डाव ठेवून आधी ते फडकं सारखं करायच्या, गिऱ्हाईकही तोवर गुपचूप थांबायचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर नुसते हाल, पाऊस नाही, हवा हलत नाही, धूळ तिथल्या तिथे. माझ्या मुलाचा खोकला पावसाळा लागल्याशिवाय जायचा नाही आणि डॉक्टर दरवेळी ॲलर्जी म्हणून सिरप लिहून मोकळे, घर कुठे आहे हे एकदाही विचारलं नाही, त्याचा राग मला अजून आहे.

ना फ्रा लानला तिथल्या सरकारने २००४ सालीच प्रदूषण नियंत्रण क्षेत्र जाहीर केलंय. पीएम १० म्हणजे हवेतले बारीक धूलिकण, त्यांची थायलंडची मर्यादा २४ तासांसाठी दर घनमीटर हवेत १२० मायक्रोग्रॅम, ती त्यानंतरही हिवाळ्यात तिथे पुन्हा पुन्हा ओलांडली गेलीय. लेखात १९१३ साली थायलंडचा तेव्हाचा राजा वजिरावुध याच्या आज्ञेने सिमेंट कंपनी कशी निघाली ते सविस्तर आहे, चांगलंय, पण या गोष्टीला एक ओळसुद्धा नाही. रस्त्याकडेला राहणाऱ्या एकाशी तरी लेखकाने बोलायला हवं होतं.

आणि हो, लेखासोबत प्रा फुत्थाबाट मंदिराचा फोटो आहे, खाली लिहिलंय बँकॉक. बुद्धाच्या पाऊलखुणेचं हे मंदिर सराबुरीतच आहे, आमच्या घरापासून जवळच, सणाला सगळी गल्ली तिथे जायची. निदान तेवढी दुरुस्ती तरी छापा.

आपली,
एक वाचक, नाशिक