चार ओळी दिल्यात, त्या तरी बरोबर द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कालच्या रविवारच्या अंकात खेळाच्या पानावर अगदी खाली, टायरच्या जाहिरातीच्या वर, टेबल टेनिसपटू मनिका बत्राची चार ओळींची बातमी आहे. तुम्हाला कदाचित आठवणार पण नाही. मला मात्र ती पाठ झालीये, कारण काल दिवसभरात मी ती दहा वेळा तरी वाचली आणि आज सकाळी जे झालं त्यानंतर हे पत्र लिहायला बसले.

चार ओळींत तीन चुका आहेत. हेडिंग आहे "आशियाई स्पर्धेत मनिकाला ब्राँझ". अहो, ही आशियाई स्पर्धा नाही, एशियन कप आहे, फक्त टेबल टेनिसची वेगळी स्पर्धा. आशियाई स्पर्धा म्हणजे एशियन गेम्स, त्या या वर्षी चीनमध्ये हांगझोऊला होणार होत्या, कोरोनामुळे पुढच्या वर्षीवर गेल्या, आणि ही बातमी मे महिन्यात तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर होती. दुसरी चूक, "हे पदक मिळवणारी पहिली भारतीय". पहिली भारतीय नाही, पहिली भारतीय महिला. चेतन बाबूरने 1997 ला एशियन कपमध्ये सिल्व्हर आणि 2000 ला ब्राँझ घेतलंय, त्या माणसाचं नाव तुम्ही एका शब्दात पुसून टाकलंत. आणि तिसरी, "हयातावर 4-2 अशा गुणांनी मात". गुण नाही हो, गेम. सहा गेमची मॅच झाली, 11-6, 6-11, 11-7, 12-10, 4-11, 11-2. हे वाचून ज्याला खेळ माहीत नाही त्याला वाटेल की सहा पॉइंटमध्ये मॅच आटोपली.

तुम्ही म्हणाल एवढ्या लहान बातमीचं एवढं काय. तेच सांगायचंय.

मी इंदिरानगरला राहते, आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सात-आठ मुलींना टेबल टेनिस शिकवते. फी वगैरे काही नाही, मला येतं म्हणून शिकवते. शनिवारी आम्ही सगळ्यांनी मिळून मॅच मोबाईलवर बघितली, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, मुली जमिनीवर बसलेल्या, थंडी एवढी की दोघी एका शालीत. सेमीफायनलला मनिका जपानच्या मिमा इतोकडून हरली तेव्हा एकीने रडायलाच घेतलं. मग ब्राँझची मॅच. समोर जपानची हिना हयाता, जगात सहावा नंबर, आणि आपली चव्वेचाळीस. चौथा गेम ड्यूसला गेला, म्हणजे 10-10 झाला, आणि 12-10 ने आला तेव्हा आमच्या हॉलमध्ये जो आवाज झाला त्याने वरच्या मजल्यावरचे आजोबा काय झालं म्हणून बघायला खाली आले. पाचवा 4-11 असा गेला, सगळ्या गप्प. आणि सहावा 11-2! सहाव्या नंबरच्या खेळाडूला शेवटच्या गेममध्ये दोन पॉइंट!

त्याआधी काय झालं हेही तुमच्या बातमीत नाही. गुरुवारी पहिलीच मॅच चीनच्या चेन शिंगतोंगशी, जगात सातवी, ती 4-3 ने काढली. शुक्रवारी तैपेईच्या चेन स्झू-यूला परत 4-3. या एशियन कपला डबल्स नाही, टीम नाही, फक्त सिंगल्स, निवडक सोळा पुरुष सोळा बायका, म्हणजे हलका ड्रॉ मिळाला आणि दोन राउंड सहज गेले असलं काही इथे होतच नाही. आणि टेबल टेनिसमध्ये आशिया म्हणजे जवळजवळ अख्खं जगच. 1988 ला सोलला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला तेव्हापासून बायकांच्या सिंगल्सचं एक पण गोल्ड चीनच्या बाहेर गेलेलं नाही. अशांच्या मध्ये जाऊन आपली मुलगी तिसरी येते.

मुलींना मी हे पण दाखवत होते की ती जिंकते कशी. तिच्या बॅटला बॅकहँडच्या बाजूने लाँग पिंपलचं, म्हणजे लांब दाण्यांचं, रबर आहे. समोरच्याने जेवढा जोरात स्पिन मारला तेवढा तो उलटा होऊन त्याच्याचकडे जातो, त्यामुळे टॉपस्पिन मारणाऱ्यांना बॉल कुठे बसेल तेच कळत नाही, नेटमध्ये जातो नाहीतर टेबलाबाहेर. त्यात ती मधेच हातातल्या हातात बॅट फिरवते, म्हणजे आता साधं रबर की पिंपल हे समोरचीला अर्ध्या सेकंदात ओळखायचं. लोक म्हणतात पिंपलवाले चकवून जिंकतात. माझ्या मुलींना मी सांगितलं, चकवायला पण आधी बॉलपर्यंत पोचावं लागतं, तिचे पाय बघा.

तर आज सोमवार. आमच्यातली एक सहावीतली मुलगी, तिची आज परिपाठात बातम्या वाचायची पाळी होती. तिने तुमच्या पेपरातलं कात्रण वहीत चिकटवून नेलं आणि सगळ्या शाळेसमोर माईकवर वाचलं, "आशियाई स्पर्धेत मनिका बत्रा पदक मिळवणारी पहिली भारतीय". खेळाच्या बाईंनी तिथेच थांबवलं, म्हणाल्या अगं आशियाई स्पर्धा या वर्षी झालीच नाही, कुठून आणलीस बातमी. पोरं हसली. बाईंचं काही चुकलं नाही, त्या बरोबरच बोलल्या. पोरीचंही चुकलं नाही. तिने शनिवारी मॅच डोळ्याने बघितलीये, मी तिला दहा वेळा एशियन कप एशियन कप सांगितलंय, पण दुपारी माझ्याकडे आली तेव्हा मी विचारलं तू मी सांगितलं ते का नाही वाचलंस, तर म्हणते, "काकू, पण पेपरात असं आलं होतं ना."

यावर मी काय बोलू?

साहेब, मला हे एवढं लागलं त्याला कारण आहे. 1984 साली मी चौदा वर्षांची होते. वडील नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते, तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायचो, खेळ तिथेच शिकले. तेव्हा गेम 21 चा असायचा, पाच-पाच सर्व्हिस, बॉल पण आताच्यापेक्षा लहान, 38 मिलिमीटरचा. त्या वर्षी मी शालेय स्पर्धेत मुलींचं सिंगल्स जिंकले, तिसरा गेम 21-19. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या (तुमचा पेपर नव्हे, दुसरा, आता नाव घेत नाही). त्या दोन ओळींत माझ्या नावाच्या जागी माझ्या धाकट्या बहिणीचं नाव. तिने आयुष्यात बॅट हातात धरलेली नाही, ती नुसती मॅच बघायला आली होती आणि कोणीतरी तिला नाव विचारलं, तिने बिचारीने आपलं सांगितलं.

वडील प्रेसची ड्युटी संपवून नाशिकरोडहून सायकल मारत गावात त्या पेपरच्या ऑफिसात गेले. तिथल्या माणसाने नीट ऐकून घेतलं, कागदावर नाव लिहून घेतलं, म्हणाले उद्या टाकतो दुरुस्ती. उद्या नाही आली. परवा नाही आली. आठ दिवस वडील सकाळी माझ्या आधी उठून पेपर उघडायचे. मी अंथरुणातून बघायचे, ते खेळाचं पान बघायचे, घडी घालायचे आणि काही न बोलता चहा प्यायला जायचे. शेवटी आईने ते कात्रण तसंच अल्बममध्ये लावलं आणि बहिणीच्या नावावर निळ्या पेनने काट मारून वर माझं नाव लिहिलं.

दोन वर्षांनी कॉलेजला खेळाच्या कोट्यातून अर्ज केला. सर्टिफिकेट घर बदलताना गहाळ झालेलं, क्लार्क म्हणाले पेपरचं कात्रण असेल तर जोडा, बघू. जोडलं. त्यांनी ते खाडाखोड केलेलं कात्रण बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत दिलं. त्यांना पण काय म्हणणार, हाताने लिहिलेलं नाव कोण खरं धरेल. ती सीट गेली. मी वर्षभर दुसऱ्या कॉलेजला काढलं आणि तिथे टेबल नव्हतं, खेळ सुटला तो बारा वर्षांनी परत धरला. बहिणीच्या लग्नाच्या वेळी बघायला आलेल्यांनी तिला विचारलं होतं, तुम्ही टेबल टेनिस खेळता ना, पेपरात आलं होतं. अडतीस वर्षं झाली, अल्बम अजून माझ्याकडे आहे.

म्हणून मला चार ओळी लहान वाटत नाहीत. ज्या खेळाला तुम्ही रोज पान देता त्यात एक नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी दहा ठिकाणी बरोबर येतं. आमच्या खेळाला वर्षातून चार ओळी मिळतात, त्याच कापून ठेवल्या जातात.

आणि जागा नव्हती असं तर म्हणूच नका. शनिवारच्या अंकात वेलिंग्टनची भारत-न्यूझीलंड मॅच चार कॉलम आहे, फोटोसकट, आणि ती मॅच झालेलीच नाही, पावसात एक बॉल पडला नाही! त्याच शुक्रवारी मनिका सेमीफायनलला पोचली होती, तिची एक ओळ नाही. रविवारी कतारच्या फुटबॉलला अख्खं पान, ठीक आहे, वर्ल्ड कप आहे, माझा मुलगा पण बघतोय, राग नाही. पण ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये हीच मनिका रिकाम्या हाताने आली तेव्हा तुम्ही तीन कॉलम लिहिलं होतंत, "मनिकाकडून घोर निराशा", मान खाली घातलेल्या फोटोसकट. हरली तेव्हा फोटो होता ना तुमच्याकडे? मग जिंकली तेव्हा कुठे गेला?

तुम्हाला लिहिता येत नाही असं नाही. 2010 ला आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दिल्लीच्या कॉमनवेल्थला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा तुम्ही जे लिहिलं होतं ते मी शेजारच्या बायकांना वाचून दाखवलं होतं. तसं लिहिणारं माणूस अजून असेल ना ऑफिसात.

लिहितेच आहे तर अजून एक. आमच्या ज्या हॉलमध्ये मुली खेळतात तो येत्या आठवड्यापासून पंधरा दिवस साड्यांच्या सेलला दिलाय, भाडं मिळतं म्हणून. टेबल घडी घालून जिन्याखाली, मागच्या वेळी तिथेच ओल लागून एका कोपऱ्याचा प्लाय फुगला, त्या कोपऱ्यात बॉल पडला की उठतच नाही. डिसेंबरात मुलींची स्पर्धा आहे. शहरात अशा किती हॉलमध्ये खेळाची जागा वर्षातून किती दिवस खरंच खेळाला मिळते हे तुमच्या वार्ताहराने एकदा फिरून बघावं, मी सोबत यायला तयार आहे.

बाकी माझी मागणी एवढीच, दुरुस्ती छापा. तिन्ही चुकांची, खेळाच्याच पानावर, चेतन बाबूरच्या नावासकट. त्या मुलीने बाईंना विचारून ठेवलंय, दुरुस्ती आली तर ती परत माईकवर वाचणार आहे, बाई हो म्हणाल्यात. ती उद्यापासून रोज सकाळी तुमचा पेपर उघडणार आहे.

आपली,
एक जुनी खेळाडू
इंदिरानगर, नाशिक
21 नोव्हेंबर 2022