फिरंग्याच्या सोंगात निघालेल्या मुलास

चि. बाबू यास,
अनेक आशीर्वाद.

लढाईच्या खेळासाठी काजूच्या बागेत पडलेल्या तुमच्या छावणीची नियमावली तू आईच्या फोनवर पाठवलीस, ती मी दोनदा वाचली. सतरा कलमं. त्यातली पहिली आठ कपड्यांची. घड्याळ नको, रबरी तळव्याची चप्पल नको, लोक बघायला येतील तेव्हा प्लास्टिकची बाटली दिसता कामा नये. आणि आगीबद्दल एकच ओळ, 'चूल काळजीपूर्वक पेटवावी'. तीस वर्षं बंब चालवलेल्या माणसाला हे वाचून झोप कशी लागणार?

आधी तुझा रुसवा. तुला मावळा व्हायचं होतं आणि केला फिरंगी. अरे, फोंड्याचा वेढा दाखवायचा तर वेढा घालायला कुणीतरी हवा की नको? नोव्हेंबर 1683 मध्ये गोव्याचा पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर तोफा घेऊन फोंड्याच्या कोटाला भिडला होता. आत मराठ्यांचे येसाजी कंक होते. संभाजीराजे फौज घेऊन आले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. त्याच्या फौजेत आपल्या गोव्यातलेच शिपाई कितीतरी होते, त्यातलाच एक तू. नीट माघार घे, लोक हसले तर हसू देत. पण पडलेल्या फिरंग्याला लाथ मारायची नाही आणि लढाई संपल्यावर बघ्यांच्या अंगावर घोषणा फेकायच्या नाहीत, हे कलम मला सतरात कुठे दिसलं नाही. बघायला आपल्या वाड्यावरचे क्रिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती शेजारीही येणार. तुझी झालरीची कॉलर शेजारच्या आंटीनं दोन रात्री बसून शिवली आहे, ती मुद्दाम पुढच्या रांगेत बसणार आहे.

माझ्या डाव्या भुवईवरची खूण तू लहानपणापासून बघतोस. ती देवळाच्या उत्सवातल्या ऐतिहासिक नाटकाची. मी खानाचा सरदार. समोरच्यानं तीन वार करायचे आणि मी तिन्ही ढालीवर घ्यायचे, तालमीत हे पन्नास वेळा झालेलं. प्रयोगाला तिसऱ्या वाराला अशा टाळ्या पडल्या, की त्यानं चौथा केला. चौथा कुठल्याच तालमीत नव्हता, मी ढाल खाली घेतली होती. तलवार पत्र्याची, पण पत्र्याची कडसुद्धा कापते. रक्त आलं ते लोकांना रंग वाटलं आणि पुन्हा टाळ्या! तीन टाके पडले. तो बिचारा पुढचं सगळं नाटक रडत बोलला. सोंग घ्यावं रे, पण ते अंगात येऊ देऊ नये. तुमच्या तलवारी बोथट असल्या तरी रोज सकाळी कडेवरून अंगठा फिरवून बघा, पोलादावर पोलाद आपटलं की चरे उठतात. तोंडाच्या दिशेनं खुपसणं अजिबात नको. आणि सगळं जिथल्या तिथे थांबवायचा एक शब्द ठरवा. 'थांब' चालणार नाही, लढाईत कुणीतरी 'थांब, हरामखोरा' म्हणणारच. माझं ऐकाल तर 'बंब' ठेवा.

तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीनं बार उडवायची बंदूक तुला दिली आहे, म्हणजे माझ्या काळजीत भर. बंदुकीच्या दारूचा परवाना कुणाच्या नावावर आहे ते विचार आणि कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात लावू नको. नळीत गोळी नाही, बोळा नाही, नुसती मोजलेली दारू. ठासायचा गज तंबूतच ठेवून मैदानात उतरायचं, घाईत तो नळीत राहिला तर बाणासारखा सुटतो. बार काढताना नळी समोरच्याच्या डोक्याच्या बरीच वर. रिकामी असली तरी माणसावर रोखायची नाही. बार उडाला नाही तर नळी आभाळाकडे धरून उभा राहा, काय झालं म्हणून कानाशी वाकून बघायचं नाही. आणि पेटता तोडा हातात असलेल्यानं दारूच्या पेटीकडे फिरकायचं नाही.

कलम बारा म्हणतं, दारू कोरडी ठेवावी. कलम चौदा म्हणतं, दारू आणू नये. लिहिणाऱ्याचं मला कौतुक वाटलं. मार्च महिना, काजूची बाग आणि हुर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू नाही, यावर तुझी आजीसुद्धा विश्वास ठेवणार नाही. खेळ संपून हत्यारं मोजून कुलूपबंद झाली की मग काय ते करा. त्याआधी घोटभर घेतलेला माणूस बंदुकीपाशी नको, तो तुमचा सरदार का असेना.

आता माझा विषय. शिवाजीमहाराजांचं एक पत्र आहे, चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी छावणी करून राहिलेल्या लष्कराला. दाणावैरण बेतानं वापरा, ती आत्ताच उडवलीत तर भर पावसात घोडी मरतील आणि तुम्ही रयतेच्या दाण्यावर, गवतावर, लाकडांवर हात टाकाल, असं सांगून महाराज आगीवर येतात. भलत्या जागी चुली मांडाल, तंबाखूसाठी विस्तव घ्याल, वारा सुटलाय हे ध्यानात घेणार नाही. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या जातील. एवढा मोठा राजा, पण उंदरापर्यंत विचार केलेला! तुमच्या सतरा कलमांत उंदीर नाही.

मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या, तेव्हा हेलिकॉप्टरांनी पाणी ओतावं लागलं होतं. काजूखालचा पाला तसाच चुरचुरीत असतो. चुलीभोवती चार हात जमीन झाडून लाल माती दिसेपर्यंत साफ करा. पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या ठेवा आणि त्यांतलं पाणी हात धुवायला घ्यायचं नाही. झोपताना राखेवर पाणी ओत, काठीनं उलट, पुन्हा ओत, मग हाताची पालथी बाजू राखेच्या वर धरून बघ. ऊब लागली तर अजून ओत. बिडी ओढणारे कोण आहेत ते पहिल्याच संध्याकाळी हेरून ठेव.

बाग ज्यानं पावणीत, म्हणजे लिलावात घेतली आहे त्याची सकाळी उठल्यावर भेट घ्या. बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडू नका, ते पिकून खाली पडले की वेचतात. पडलेलेही त्याचेच, हे तुझ्या पुण्याच्या मित्रांना सांग.

आईनं डब्यात खतखतं, म्हणजे मिश्र भाजी दिलीय, ते पहिल्याच रात्री संपवा, उन्हाळ्यात आंबतं. आम्ही रविवारी चारला पोचतो. तू कुठल्या बाराला पडणार आणि कुठल्या बाजूला, ते मला आधी कळव. आईला त्याच्या विरुद्ध बाजूला बसवतो, नाहीतर तीच 'बंब' म्हणून ओरडायची.

तुझा,
बाबा