चॅटबॉट ‘डाऊनलोड’ करण्याआधी : लेकीला पत्र

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

नव्या लॅपटॉपवर चॅटजीपीटीचं सॉफ्टवेअर कुठून डाऊनलोड करू, असं तू विचारलंस. थोडक्यात सांगायचं तर कुठूनच नको. ब्राउझर उघड, पत्त्याच्या पट्टीत चॅटजीपीटी डॉट कॉम असं स्वतः टाइप कर, काम झालं. पण एवढ्यावर थांबले तर उद्या दुसऱ्या चॅटबॉटचं नाव घेऊन हाच प्रश्न पुन्हा येईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी, कोपायलट यांचं खरं काम चालतं ते त्या त्या कंपनीच्या सर्व्हरवर. आपल्याकडे असते ती नुसती खिडकी. आपण लिहिलेलं तिकडे जातं आणि उत्तर इकडे दिसतं. ही खिडकी, म्हणजे ब्राउझर, तुझ्या लॅपटॉपवर आधीपासूनच आहे. हे एकदा समजलं की ‘चॅटजीपीटी प्रो, फुल व्हर्जन, क्रॅक केलेलं, इंटरनेटशिवाय चालणारं’ असल्या पाटीवर विश्वास बसणारच नाही. क्रॅक करण्यासारखं, म्हणजे कुलूप तोडून फुकट चालवण्यासारखं, तुझ्या लॅपटॉपवर काही येतच नाही. कोणी पैसे भरलेत आणि कोणी नाही, हे सर्व्हर ठरवतो.

हे चॅटबॉट आले कसे तेही बघ. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुलं झालं ते फक्त वेबसाइट म्हणून. आयफोनसाठी ॲप आलं मे २०२३ मध्ये, अँड्रॉइडसाठी जुलै २०२३ मध्ये, मॅकसाठी मे २०२४ मध्ये आणि विंडोजसाठी २०२४ च्या अखेरीस. ‘विंडोजसाठी चॅटजीपीटी’ या नावाच्या फाइली मात्र २०२३ च्या सुरुवातीपासून फिरत होत्या. दीड वर्षाहून जास्त काळ, ओपनएआयचं (चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीचं) अधिकृत विंडोज ॲप म्हणून जे जे मिळत होतं ते सगळं खोटं होतं, कारण खरं अजून बनलंच नव्हतं. फेसबुकची कंपनी मेटा हिने मे २०२३ मध्ये सांगितलं की चॅटजीपीटीसारख्या साधनांचं सोंग घेणारे मालवेअरचे (घातक सॉफ्टवेअरचे) सुमारे १० प्रकार दोन-तीन महिन्यांतच सापडले आणि असे १,००० हून अधिक दुवे अडवावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये डीपसीक हा चिनी चॅटबॉट गाजला तेव्हाही तेच झालं. एखादं नाव गाजायला लागलं की लोक ते शोधायला धावतात, आणि नकली वस्तू त्यांच्या वाटेवर आधीच मांडून ठेवलेली असते. म्हणून नवीन चॅटबॉट आल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यात जपायचे.

आता पत्ते. चॅटजीपीटी डॉट कॉम, क्लॉड डॉट एआय, जेमिनी डॉट गूगल डॉट कॉम, कोपायलट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम, चॅट डॉट डीपसीक डॉट कॉम. हे एकदाच नीट टाइप कर, बुकमार्क कर आणि पुढे कायम त्या बुकमार्कवरूनच जा. शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या निकालावर क्लिक करण्याची सवय मोड. वरचे एक-दोन निकाल बहुतेक वेळा पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात, आणि जाहिरातीत खरा पत्ता दिसत असूनही क्लिक भलतीकडे नेऊ शकतं. पत्ता वाचायचा तो उजवीकडून. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचे शेवटचे दोन तुकडे बघायचे (काही देशांच्या पत्त्यांत ते तीन असतात). ‘चॅटजीपीटी डॉट कॉम डॉट काहीतरी डॉट टॉप’ असा पत्ता असेल तर त्याचा मालक ‘काहीतरी डॉट टॉप’ आहे. आधीचं चॅटजीपीटी हे नुसतं सजावटीला लावलेलं. कधी एखादं अक्षर रशियन लिपीतलं असतं, जे डोळ्यांना हुबेहूब इंग्रजी ‘ए’ वाटतं. तिथे नजर फसते, पण पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून आपोआप भरणारं साधन) फसत नाही. तो पत्ता अक्षरशः जुळवून बघतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या पानावर भरला गेला नाही, तर तो हाताने टाइप करायचा नाही. आधी पत्ता तपासायचा. आणि कुलपाच्या चिन्हावर विसंबू नकोस. ते चिन्ह एवढंच सांगतं की मधल्या वाटेवर कुणी वाचत नाहीये. पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. तसलं प्रमाणपत्र ठगांनाही फुकट मिळतं.

डेस्कटॉपवर आयकॉन हवाच असेल तर तोही डाऊनलोडशिवाय मिळतो. क्रोम किंवा एजमध्ये खऱ्या साइटवर जा, वर उजवीकडच्या तीन टिंबांच्या मेनूत हे पान ॲप म्हणून इन्स्टॉल करण्याचा पर्याय शोध. वेगळी खिडकी, वेगळा आयकॉन, टास्कबारवर जागा, सगळं मिळतं, आणि कुठली अनोळखी फाइल चालवावी लागत नाही. तुझ्या अभ्यासापुरतं हे भरपूर आहे.

फोनवर मात्र ॲप घ्यायला हरकत नाही. पण प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या शोधपट्टीपेक्षा कंपनीच्या साइटवरच्या दुव्यावरून स्टोअरमध्ये जा, आणि नावाखाली लिहिलेला प्रकाशक बघ. चॅटजीपीटीखाली ओपनएआय, क्लॉडखाली अँथ्रॉपिक, जेमिनीखाली गूगल. स्टोअरमध्ये लोगोशी मिळतेजुळते रंग आणि एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेली नावं असलेली ॲप्स असतात. सगळीच विषारी नसतात. बरीचशी नुसती लुबाडणारी असतात. तीन दिवस फुकट म्हणतात, कार्ड जोडून घेतात आणि मग दर आठवड्याला पैसे कापतात, तेही मूळ कंपनी फुकट देते त्या गोष्टीसाठी. असं ॲप फोनमधून काढून टाकलं तरी वर्गणी चालूच राहते. ती स्टोअरच्या खात्यात जाऊन, सबस्क्रिप्शनच्या यादीतून वेगळी रद्द करावी लागते. हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर आलेली एपीके फाइल (स्टोअरबाहेरून थेट टाकायचं अँड्रॉइड ॲप) कधीही टाकू नकोस. ‘अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करू द्या’ ही परवानगी फोन मागतो तेव्हा तो तुला थांबायची संधी देत असतो. चॅटबॉटच्या नावाचं ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची किंवा एसएमएस वाचण्याची परवानगी मागत असेल तर तिथेच ओळख पटली असं समज. ॲक्सेसिबिलिटी दिली की ते पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुझ्या वतीने बटणंही दाबू शकतं.

विंडोजवर खरोखर फाइल चालवायची वेळ आली, तर आधी एक सेटिंग बदल. फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. विंडोज फाइलच्या नावाचं हे शेपूट मुळात लपवून ठेवतं, त्यामुळे ‘नोट्स डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल (ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम) तुला ‘नोट्स डॉट पीडीएफ’ म्हणून दिसते, आणि तिला पीडीएफचाच आयकॉन चिकटवलेला असतो. ‘एआयने बनवलेला तुमचा व्हिडिओ तयार आहे’ म्हणून येणाऱ्या फाइलींत हीच युक्ती असते. मग फाइलवर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिजिटल सिग्नेचर्स’. हा टॅबच नसेल तर फाइलवर कुणाची सही नाही. सही असली तर नाव वाच. ते कंपनीचंच हवं, कारण चोरलेल्या किंवा भलत्याच कंपनीच्या प्रमाणपत्राने सही केलेलं मालवेअरही सापडतं. ‘विंडोजने तुमच्या पीसीचं रक्षण केलं’ अशी निळी खिडकी आली की ‘मोअर इन्फो’ आणि ‘रन एनीवे’ दाबा, असं व्हिडिओत सांगणाऱ्यांचं ऐकायचं नाही.

आणखी काही खुणा आहेत. झिप फाइलला पासवर्ड आणि तो पानावरच लिहिलेला: हे एवढ्यासाठी की अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, तो चुकून अडवतो’ ही सूचना: तो चुकून अडवत नसतो. फाइल अकारण ७०० एमबीची: आत रिकामा भरणा करून ती फुगवलेली असते, कारण खूप मोठ्या फाइली अनेक तपासणी साधनं सोडून देतात. व्हायरसटोटल या, एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून देणाऱ्या साइटवर अपलोडची मर्यादा ६५० एमबी आहे. आणि व्हायरसटोटलने शून्य धोके दाखवले म्हणजे फाइल स्वच्छ, असंही नाही. कालच बनवलेलं मालवेअर आज कुणाच्याच यादीत नसतं.

आता सर्वांत महत्त्वाचं, कारण यात फाइल दिसतच नाही. पान म्हणतं, ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’. मग सूचना येतात: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, कंट्रोल-व्ही दाबा, एंटर दाबा. पानाने तुझ्या नकळत एक आज्ञा क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे साठतं तिथे) ठेवलेली असते, आणि ती तू स्वतःच्या हाताने चालवतेस. ब्राउझरचे सगळे पहारे इथे बाजूला पडतात, कारण आज्ञा देणारी तूच असतेस. मॅकवर हेच टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या खिडकीत, पेस्ट करायला लावतात. कुठलीही खरी कॅप्चा ब्राउझरच्या बाहेर जायला सांगत नाही. याचंच एक नवं रूप म्हणजे दुसऱ्याने शेअर केलेला चॅट. पत्ता खरा, साइट खरी, पण आतला मजकूर कुणीतरी मुद्दाम तयार करून ठेवलेला, ज्यात ‘डिस्क साफ करण्यासाठी ही ओळ टर्मिनलमध्ये टाका’ असं लिहिलेलं असतं. तेव्हा जी ओळ तुला वाचून समजत नाही ती चालवायची नाही, मग ती कुठेही लिहिलेली असो.

ब्राउझरची एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडायची छोटी साधनं) कमीत कमी ठेव. ‘सर्व वेबसाइट्सवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी दिली की ते तुझं ईमेल आणि तुझ्या चॅटबॉटमधलं संभाषण दोन्ही वाचू शकतं. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटी झटपट उघडून देणारं एक एक्स्टेन्शन खुद्द क्रोमच्या स्टोअरमध्ये होतं. ते सांगितलेलं काम नीट करायचं आणि मागच्या मागे फेसबुक खाती पळवायचं. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीचंच एक्स्टेन्शन हल्लेखोरांनी बदललं आणि ते आपोआप अपडेट होऊन लोकांच्या ब्राउझरमध्ये गेलं. म्हणजे आज चांगलं असलेलं उद्या तसंच राहील याची खात्री नाही. जे रोज वापरत नाहीस ते काढून टाक.

तू पायथन शिकतेयस म्हणून हेही सांगते. जानेवारी २०२५ मध्ये पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या तयार पॅकेजेसच्या भांडारात, डीपसीकच्या नावाची दोन खोटी पॅकेजेस आली होती. एकात फक्त एक ‘ई’ जास्त होता. शिवाय चॅटबॉट कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव ठामपणे सांगतो, आणि कुणीतरी नेमक्या त्याच नावाने विष ठेवून देतं. पिप इन्स्टॉल करण्याआधी पायपीआयवर पान उघडून बघ: कधीपासून आहे, कोण सांभाळतं, मूळ कोड कुठे आहे.

हे सगळं एवढ्या खोलात का, तर अशा फाइलींत बहुधा माहितीचोर असतो. तो लॅपटॉप बंद पाडत नाही, पडद्यावर काही दाखवत नाही. काही मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलतो आणि बऱ्याचदा स्वतःला पुसून टाकतो. लुमा नावाच्या एका माहितीचोराने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक बाधित केल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. यात कुकी समजून घे. तू एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन आत गेलीस की साइट तुझ्या ब्राउझरला एक चिठ्ठी देते, ‘हिची ओळख पटलेली आहे’ अशी. तीच चिठ्ठी चोराच्या हाती गेली तर त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही.

म्हणून चुकून काही चालवलंसच तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, आणि त्या लॅपटॉपवरून तर तो मुळीच बदलायचा नाही. आधी वायफाय बंद कर. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून सुरुवात ईमेलपासून कर, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या किल्ल्या तिथेच येतात. पासवर्ड बदल, आणि सेटिंग्जमध्ये ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ दाब. चोरलेली चिठ्ठी रद्द होते ती याने. ईमेलमध्ये कुणी नवा रिकव्हरी नंबर किंवा मेल पुढे पाठवण्याचा नियम घालून ठेवलाय का ते बघ. त्यानंतर बँक (त्यांना फोनही कर), मग सोशल मीडिया, मग चॅटबॉटचं खातं. एपीआय की (तुझ्या प्रोग्रामने चॅटबॉट वापरण्याची गुप्त किल्ली) असेल तर ती रद्द करून नवी घे. लॅपटॉप मात्र पुसून विंडोज नव्याने टाकायचं. अँटिव्हायरसने ‘साफ केलं’ म्हटलं तरी मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. आपली कागदपत्रं परत घेताना फक्त कागदपत्रंच घ्यायची, डाऊनलोड फोल्डरमधल्या ईएक्सई नाहीत.

आणि सगळ्यांत आधी, लॅपटॉपचं वायफाय बंद केल्या केल्या, मला फोन कर. रात्री कितीही वाजलेले असोत. का उघडलंस म्हणून मी रागावणार नाही. तू ईमेल बघ, मी तोवर बँकेला फोन लावते.

तुझी,
आई