विषय : एक्स-बँड (१० गिगाहर्ट्झच्या आसपासचा मायक्रोवेव्ह पट्टा) सॅम्पल होल्डरची आतली उंची चुकीची असल्याबाबत

दिनांक : २२ जुलै २०२५
माटुंगा, मुंबई

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या प्रयोगशाळेने आपल्याकडून घेतलेलं वेव्हगाइड (मायक्रोवेव्ह लहरी वाहून नेणारी धातूची आयताकृती नळी) मटेरियल टेस्ट किट जूनअखेर पोचलं. व्हीएनए (परतलेल्या आणि पार गेलेल्या लहरी मोजणारं यंत्र) आमचाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार किटमधल्या सॅम्पल होल्डरबद्दल, म्हणजे नमुना बसवायच्या वेव्हगाइडच्या तुकड्याबद्दल आहे, आणि त्याहून जास्त आपल्या इंजिनिअरने तो 'ओके' ठरवला त्याबद्दल.

पहिल्याच आठवड्यात आम्ही अॅल्युमिनाचा (भाजलेल्या सिरॅमिकचा) ठोकळा लावला. १० गिगाहर्ट्झला त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो तो आकडा, हवेचा १) ९.८ च्या आसपास यायला हवा. आला ८.०. कॅलिब्रेशन पुन्हा केलं, कनेक्टर पुसले, केबल हलू नये म्हणून टेबलाला टेपने चिकटवली. ८.० ते ८.१, त्याच्या वर आकडा जाईना.

आपले इंजिनिअर पावसात अडकत दुपारी तीनला आले. त्यांनी थ्रू, रिफ्लेक्ट, लाइन या तीन ठरलेल्या जोडण्या लावून कॅलिब्रेशन तीनदा केलं. मग रिकामा होल्डर मोजला : १.००. टेफ्लॉनचा ठोकळा मोजला : २.०. "बघा मॅडम, बरोबर येतंय," म्हणाले. अॅल्युमिनाचं काय विचारलं, तर "मुंबईची हवा दमट, सॅम्पलने पाणी धरलं असेल." रिपोर्टवर तसं लिहून गेले.

आता हे जरा शांतपणे बघा. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट १० गिगाहर्ट्झलाही ६० च्या घरात असतो. सॅम्पलने पाणी धरलं असतं तर आकडा वाढला असता, आमचा उतरला आहे. शिवाय घट्ट भाजलेलं अॅल्युमिना म्हणजे काही पापड नव्हे, की पावसाळ्यात सादळेल.

ते गेल्यावर मी ठोकळा होल्डरमध्ये बसवून ट्यूबलाइटसमोर धरला. वरच्या बाजूला प्रकाशाची सरळ रेघ दिसली. आपल्याच डिलिव्हरी चलनाचा कागद दुमडून त्या फटीत सारला, आरामात गेला. स्लिप गेज (नेमक्या जाडीच्या धातूच्या पट्ट्या) लावून मोजलं : रुंदी २२.८६ मिमी, अगदी बरोबर. उंची मात्र १०.४० मिमी. ती १०.१६ हवी. ठोकळा आहे १०.१४ मिमी, म्हणजे पाव मिलिमीटरहून जास्त फट राहते.

एवढ्याशा फटीने काय होतं, असं कोणी म्हणेल म्हणून लिहिते. या वेव्हगाइडमध्ये विद्युतक्षेत्र खालच्या भिंतीपासून वरच्या भिंतीपर्यंत उभं असतं. त्यामुळे वरची हवेची फट म्हणजे ठोकळ्याला सिरीजमध्ये जोडलेला दुसरा कपॅसिटर. टेफ्लॉनचा कॉन्स्टंट २.०५, तो हवेपासून फार लांब नाही. म्हणून तो २.०० दिसतो आणि कोणाला संशय येत नाही. ९.८ च्या अॅल्युमिनाला मात्र तीच फट खाली ओढून ८.० वर आणते. कागदावर गणित केलं तर हाच आकडा निघतो, आपणही करून पाहा. सॉफ्टवेअरमधली निकोलसन-रॉस-वीर पद्धत (लहरींच्या मोजणीवरून कॉन्स्टंट काढायचं गणित) सॅम्पलने होल्डर पूर्ण भरला आहे असं धरूनच चालते, तिला फट कळत नाही. रिकाम्या होल्डरनेही दोष कळायचा नाही. कटऑफ (ज्याच्या खालची लहर वेव्हगाइडमधून जात नाही ती फ्रिक्वेन्सी) ६.५६ गिगाहर्ट्झ ठरतो तो रुंदीवरून, आणि रुंदी ठीकच आहे. कॅलिब्रेशनही फ्लँजपर्यंतचंच, म्हणजे होल्डर जोडतात त्या कडेपर्यंतचं, होल्डरच्या आतलं ते कसं सुधारणार?

म्हणजे ज्या दोन चाचण्यांत हा दोष लपतो, नेमक्या त्याच दोन करून आपल्या इंजिनिअरने होल्डर पास केला.

पडताळा म्हणून अडगळीतला जुना पितळी वेव्हगाइडचा तुकडा काढला, घासून पुसला आणि तोच ठोकळा त्यात बसवला. कागद शिरेना. आकडा आला ९.६. या तुकड्याला कोणी सर्टिफिकेट दिलेलं नाही, तरी तो आपल्या नव्या होल्डरपेक्षा खरं बोलतो.

आमची एक एम.एस्सी.ची विद्यार्थिनी फेराइटचे (चुंबकीय सिरॅमिकचे) नमुने मोजते आहे, परमिटिव्हिटी (म्हणजे हाच डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) आणि परमिएबिलिटी (चुंबकीय प्रतिसाद) दोन्ही. तिची दोन आठवड्यांची रीडिंग्ज बाद झाली. नमुने पुन्हा मोजता येतील, पण तिची सबमिशनची तारीख पुढे सरकणार नाही.

तेव्हा होल्डर विनामूल्य बदलून द्यावा, आणि सोबत त्याच नगाची मोजलेली आतली रुंदी, उंची व लांबी लिहून द्यावी. कॅटलॉगमधले आकडे नकोत. 'दमट हवा' असा शेरा असलेला रिपोर्ट रद्द करावा आणि त्या भेटीचं बिल मागे घ्यावं. नवा होल्डर आला की तपासणी आपल्या माणसासमोर अॅल्युमिना लावूनच होईल. इन्स्टॉलेशन रिपोर्टवर मी सही केलेली नाही, त्यामुळे उरलेली १० टक्के रक्कम तोवर अकाउंट्समधून सुटणार नाही.

स्लिप गेजच्या नोंदी, दोन्ही होल्डरचे आलेख आणि फटीतल्या चलनाचा फोटो सोबत जोडला आहे.

कळावे,
प्रयोगशाळा प्रमुख,
पदार्थविज्ञान विभाग