‘लफेव्र’ आडनावाची मोजणी आणि तिच्या अटी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जगभरातील आडनावांवर सुरू झालेले सदर मी आवडीने वाचतो. त्यातील ‘लफेव्र’ या फ्रेंच आडनावावरच्या लेखात दोन विधाने शेजारीशेजारी आली आहेत. हे आडनाव एका लोहाराच्या घराण्यातून निघाले, हे पहिले; आणि आज फ्रान्समध्ये ते अमुक इतक्या लोकांचे आहे, हे दुसरे. दोन्ही एका दमात वाचली की तो आकडा म्हणजे त्या लोहाराच्या आजच्या वंशजांची संख्या, असा वाचकाचा सहज समज होतो. हा समज चुकीचा आहे आणि पुढच्या लेखांतही तोच ओघाने येईल, अशी मला धास्ती वाटते. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे आकडा दिसला की तो कशाचा, हे विचारण्याची खोड लागली आहे. तेव्हा पत्र थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

मुळाविषयी लेखकाने दिलेली माहिती अर्धी बरोबर आहे. लॅटिनमधील ‘फाबेर’ म्हणजे कारागीर, विशेषतः धातूकाम करणारा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘फेव्र’ हा लोहारासाठीचा शब्द झाला आणि ‘ल’ हे उपपद लागून आडनाव तयार झाले. पुढे बोलीतून तो शब्द हद्दपार झाला. आजचा फ्रेंच माणूस लोहाराला ‘फोर्जरों’ म्हणतो आणि जुना ‘फेव्र’ सोनारासाठीच्या ‘ऑर्फेव्र’ या शब्दात तेवढा उरला आहे. मात्र आडनावाच्या आजच्या लेखनात मधोमध जे ‘ब’ अक्षर दिसते, त्याचा उच्चार होत नाही. लॅटिन शिकलेल्या लेखनिकांनी ‘फाबेर’ची आठवण राहावी म्हणून ते घुसवले. पिकार्डीतील एताप्ल या गावचे विद्वान झाक लफेव्र यांनी बायबल फ्रेंचमध्ये आणले व ते १५३० मध्ये अँटवर्पला छापले गेले. ते लॅटिनमध्ये आपले नाव ‘फाबेर स्टापुलेन्सिस’ असे लावत, यावरून त्या काळच्या शिकलेल्या मंडळींचा कल कळतो. त्या वेळी ‘उ’ आणि ‘व’ यांसाठी एकच अक्षर लिहिले जाई, त्यामुळे काही ठिकाणी वाचणाऱ्याने ते भलतेच वाचले आणि ‘लफेब्यूर’ नावाचे नवेच आडनाव जन्माला आले. लिपीच्या चुकीतून निघालेली अशी घराणी आजही आहेत.

इथेच आपल्या लेखाची पहिली अडचण आहे. ‘ब’ असलेले आणि ‘ब’ नसलेले, अशी दोन आडनावे फ्रान्समध्ये वेगळी मोजली जातात, पण दोघांचा उच्चार एकच असल्याने देवनागरीत दोघांचे ‘लफेव्र’ होते. ‘ब’ असलेले रूप फ्रान्सच्या पहिल्या वीस आडनावांत मोडते आणि ‘ब’ नसलेलेही बरेच प्रचलित आहे. लेखातील आकडा कोणत्या लेखनाचा, की दोहोंची बेरीज, हे लेखात कुठेच नाही. मराठी वाचकाला ते ताडून पाहण्याचा मार्गही नाही, कारण मूळ लेखन आपण छापत नाही.

दुसरी बाब भूगोलाची. ‘लफेव्र’ प्रामुख्याने उत्तरेचे: नोर, पा-द-कॅले, सोम, नॉर्मंडी या पट्ट्यातले. दक्षिणेकडे लांगदॉकमध्ये त्याच ‘फाबेर’चे ‘फाब्र’ झाले, दोफिने आणि आसपास ‘फोर’, सव्हॉयमध्ये ‘फाव्र’. लॅटिनशी संबंध नसलेल्या बोलींत अर्थ तोच राहिला आणि शब्द निराळे आले: ब्रिटनीत ‘ल गॉफ’, आल्सासमध्ये ‘श्मिट’. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या करारान्वये, पोलंडमधून हजारो मजूर उत्तर फ्रान्सच्या कोळसाखाणींत आले आणि ‘लफेव्र’च्या बालेकिल्ल्यात ‘कोवाल्स्की’ हे आणखी एक लोहाराचे आडनाव रुजले; अरबी भाषक कुटुंबांबरोबर ‘हद्दाद’ही आले. मग फ्रान्समध्ये लोहाराचे आडनाव लावणारे किती, या प्रश्नाला ‘लफेव्र’चा आकडा उत्तर कसे देणार? आपल्याकडच्या ख्रिस्ती वाचकांसाठी एक जाता जाता: संत फ्रान्सिस झेवियर यांचे पॅरिसमधील खोलीसोबती आणि आद्य जेझुइटांपैकी एक, सव्हॉयचे पिएर फाव्र, हे इंग्रजी पुस्तकांत ‘पीटर फेबर’ म्हणून भेटतात. तेही याच आडनावाचे.

एका लोहाराचा वंश ही कल्पना टिकत नाही, याचे कारणही या पसाऱ्यात आहे. अकराव्या-बाराव्या शतकांत लोकसंख्या वाढली, तेच ते बाप्तिस्म्याचे नाव गावात पाचपन्नास जणांचे होऊ लागले आणि ओळख पटवण्यासाठी दुसरे नाव जोडण्याची गरज पडली. जे गावात एकालाच लागू पडेल तेच नाव अशा कामाला उपयोगी. शेती सगळेच करत, म्हणून ‘शेतकरी’ म्हटल्याने कोणाची ओळख पटत नव्हती. लोहाराची भट्टी मात्र गावात एखाददुसरीच. प्रत्येक गावाने आपापल्या लोहाराला स्वतंत्रपणे हे नाव दिले आणि शेकडो ठिकाणी, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या घरांत, एकच आडनाव उगवले. आपल्याकडे ‘पाटील’ असेच पसरले. गावागणिक एक पाटीलकी, म्हणून ठाणे जिल्ह्यातल्या आगरी पाटलाचा आणि कोल्हापूरच्या मराठा किंवा जैन पाटलाचा पूर्वज एक असावा, असे कोणी म्हणत नाही. फ्रान्सचे पहिल्या क्रमांकाचे आडनाव ‘मार्टिन’ (उच्चार ‘मार्तँ’) याचीही तीच कथा. चौथ्या शतकातील तूर शहराचे बिशप संत मार्टिन यांच्या लोकप्रियतेमुळे ते नाव हजारो मुलांना ठेवले गेले आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी ते आडनाव होऊन बसले. आपल्या भागातील गोवन कॅथलिक कुटुंबांचे ‘मार्टिन्स’ त्याच नावावरून, पण पोर्तुगीज वाटेने आलेले आहे. फ्रेंच मार्टिनांशी त्यांचे नाते जोडायचे कारण नाही.

आडनावे स्थिर कधी झाली, याविषयी लेखात ‘प्राचीन काळापासून’ असे मोघम लिहिले आहे. त्याला तारखा आहेत. फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला याच्या १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे येथील फर्मानाने धर्मगुरूंना बाप्तिस्म्याची वही ठेवणे भाग पडले. १५७९ च्या ब्ल्वा येथील फर्मानाने विवाह व दफनांची नोंद आली. २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने नोंदणी चर्चकडून नगरपालिकांकडे गेली आणि २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीत आहे त्याखेरीज दुसरे नाव वा आडनाव लावण्यास बंदी झाली. तोपर्यंत एकाच घरातील दोन भावांची आडनावे दोन पाद्र्यांनी दोन तऱ्हांनी लिहिणे नित्याचे होते. ज्या लेखनावर शेवटची मोहर उठली, तेच आज मोजले जाते. पॅरिसच्या बाबतीत तर मुळापर्यंत जाण्याची वाटच बिकट आहे, कारण मे १८७१ मध्ये, ‘कम्यून’ या शहरातील अल्पजीवी बंडखोर सत्तेच्या अखेरच्या दिवसांत, नगरभवन आणि न्यायालयाच्या इमारतींना लागलेल्या आगीत जुन्या नागरी नोंदी जळाल्या आणि त्यांतील काही भागच नंतर पुन्हा जुळवता आला.

आता आकड्याकडे येतो. फ्रान्सची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था ‘इन्से’ आडनावांची जी माहिती खुली करते, ती जन्मांची आहे. अमुक काळात, अमुक ठिकाणी, अमुक आडनावाची इतकी मुले जन्मली, एवढेच ती सांगते. आज हयात असलेल्यांची ती गणती नाही. शिवाय ती ज्या नोंदवहीवर आधारलेली आहे, ती विसाव्या शतकाच्या मध्याला उभी राहिली. त्यामुळे तिच्याआधीच वारलेल्यांचा समावेश तिच्यात पूर्ण नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा-चौदा लाख सैनिक मेले, हे लक्षात घेतले की १८९१ ते १९१५ या पहिल्या कालखंडाच्या आकड्याकडे किती जपून पाहायला हवे, ते कळते. अतिविरळ आडनावे या याद्यांत वेगळी दाखवत नाहीत, ती एका सामायिक गटात टाकतात.

आणखी एक मेख जन्मस्थळाची आहे. पूर्वी बाळंतपण घरी होई, म्हणून आडनावाचा नकाशा खेड्यांवर ठिपके दाखवी. प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्यावर ते ठिपके रुग्णालय असलेल्या शहरांवर गोळा झाले. घराणी मात्र होती तिथेच राहिली. ठाणेकरांना हे वेगळे सांगायला नको. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात आजूबाजूच्या गावांतूनही बाळंतपणे येतात आणि जन्म जिथे झाला तिथेच नोंदवला जातो. उद्या कोणी जन्मनोंदींवरून आडनावांचा नकाशा काढला तर बाहेरगावची कितीतरी आडनावे ठाण्याची म्हणून दिसतील. नवी मुंबईत गोष्ट आणखी गुंतते, कारण मूळ गावठाणात एकाच आडनावाची घरे दाटीने असतात आणि त्याला लागून असलेल्या सेक्टरमध्ये देशभरची आडनावे. प्रभागाची सरासरी काढली की दोन्ही चित्रे पुसली जातात.

स्त्रियांचा प्रश्न तर लेखात आलेलाच नाही आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्रान्समध्ये लग्नानंतर पतीचे आडनाव वापरण्याची चाल असली तरी कायद्याने स्त्रीचे आडनाव जन्माचेच राहते, त्यामुळे ‘इन्से’च्या आकड्यात लफेव्र म्हणून जन्मलेल्या मुली आहेत आणि लफेव्र घरात आलेल्या सुना नाहीत. आपल्याकडे आडनावांचा अंदाज बहुधा मतदारयादीवरून बांधतात. त्यात विवाहित स्त्रिया बहुतांशी सासरच्या आडनावाने येतात आणि अठरा वर्षांखालील कोणीच येत नाही. हे दोन प्रकारचे आकडे एका तक्त्यात शेजारी मांडून ‘लफेव्रपेक्षा पाटील इतक्या पटींनी जास्त’ असे लिहिणे मला पटत नाही. भारताच्या जनगणनेत आडनावांचे तक्ते प्रसिद्धच होत नाहीत. अमेरिकेचा जनगणना विभाग किमान १०० जणांनी लावलेल्या आडनावांची यादी देतो. २०१० च्या यादीत अशी दीड लाखांहून अधिक आडनावे आहेत. बेल्जियमची सांख्यिकी संस्थाही आडनावांची आकडेवारी देते. प्रत्येक देशाची मोजणी निराळ्या पायावर उभी असल्याने ‘जगात एकूण लफेव्र’ ही बेरीज मला तरी करवत नाही.

त्यातून परदेशी गेलेल्यांचे लेखन बदलले, ते वेगळेच. न्यूयॉर्कजवळच्या न्यू पाल्ट्झ या वसाहतीच्या १६७७ च्या सनदेत ज्या बारा प्रॉटेस्टंट फ्रेंच कुटुंबप्रमुखांची नावे आहेत, त्यांत दोन लफेव्र आहेत. अमेरिकेत या आडनावाचे कुठे ‘लफीव्हर’ झाले, कुठे ‘लफेव्हर’. क्वेबेकमध्ये ‘ब’ असलेले रूप टिकले आणि चांगलेच फोफावले. तिथे फ्रान्समधून आलेल्या मूळ वसाहतकऱ्यांची संख्या थोडी आणि कुटुंबे मोठी होती, त्यामुळे क्वेबेकमधले पुष्कळ लफेव्र खरोखरच मोजक्या पूर्वजांपर्यंत पोहोचतात. म्हणजे लेखकाने फ्रान्सबद्दल केलेले विधान क्वेबेकबद्दल केले असते तर ते सत्याच्या बरेच जवळ गेले असते!

इथे माझ्या विषयातली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आडनावे नाहीशी का होतात, याचे गणित फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ बिएनेमे यांनी १८४५ मध्ये मांडले आणि गाल्टन व वॉटसन यांनी तोच प्रश्न १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये सोडवायला घेतला. आडनाव केवळ मुलग्याकडून पुढे जात असेल तर एखाद्या पिढीत मुलगा न झालेले घर यादीतून गळते. ज्या आडनावाची घरे मुळातच कमी, ते लवकर संपते आणि शेकडो ठिकाणी उगवलेले ‘लफेव्र’ तगून राहते. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्यानुसार, १ जानेवारी २००५ पासून जन्मलेल्या मुलाला आईचे किंवा दोघांचे आडनाव देता येते आणि १ जुलै २०२२ पासून सज्ञान व्यक्तीलाही नगरपालिकेत साधा अर्ज करून पालकांपैकी दुसऱ्याचे आडनाव घेता येते. पुढच्या पिढ्यांचे आकडे त्यामुळे वेगळ्या रीतीने वाचावे लागतील.

लेखासोबत ‘लफेव्र घराण्याचे मानचिन्ह’ म्हणून जे चित्र छापले आहे, ते मात्र काढून टाकावे. फ्रान्समध्ये मानचिन्ह एखाद्या विशिष्ट कुटुंबाचे वा व्यक्तीचे असते. आडनाव सारखे म्हणून ते सगळ्यांचे होत नाही. चौदाव्या लुईने १६९६ मध्ये, युद्धखर्चासाठी पैसा उभा करायला, शुल्क घेऊन मानचिन्हे नोंदवण्याचा हुकूम काढला आणि त्यात व्यापारी-कारागिरांचीही नोंद झाली. निरनिराळ्या लफेव्रांची निरनिराळी चिन्हे असणे त्यामुळे स्वाभाविक आहे.

पुढील लेख ‘पाटील’ आडनावावर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात जो आकडा येईल तो मतदारांचा, जन्मांचा की आणखी कशाचा, कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या हद्दीतला, एवढे एका ओळीत चौकटीत छापावे. रोमन लिपीतील याद्यांवरून मोजले असेल तर कोणकोणती लेखने एकत्र धरली, हेही त्यातच यावे. ‘चौधरी’ घ्याल तेव्हा तर ते अपरिहार्य ठरेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)